दहा महिन्यांची शिदोरी

१

प्रवासवर्णन वाचताना सामानाच्या यादीवरून आपली नजर भराभर पुढे सरकते. किती पोती पीठ, किती दोर, किती कांबळी, हा तपशील हिशेबाच्या वहीत शोभावा असा वाटतो. वर्गात प्रवासवर्णन शिकवतानाही आपण निसर्गचित्रण, व्यक्तिदर्शन, लेखकाची दृष्टी यांची चर्चा करतो. सामानाला कोणी गुण देत नाही. वास्तविक निघण्यापूर्वी बांधलेले सामान म्हणजे प्रवाशाने अज्ञाताविषयी केलेले पहिले अनुमान असते. वाट किती दिवसांची आहे, कशाची भीती आहे, कशावाचून आपले चालणार नाही, सोबत कोण आहे आणि ओझे कोणी वाहायचे आहे, या सर्व प्रश्नांची उत्तरे त्या यादीत असतात. प्रवास संपल्यावर लिहिलेल्या मजकुरात लेखकाला शहाणपण सुचलेले असते. सामान मात्र शहाणपण येण्यापूर्वी बांधलेले असते. म्हणून प्रवासवर्णनाच्या अभ्यासकाने त्याच्याकडे दुर्लक्ष करू नये.

नदीच्या प्रवासात हे अधिकच खरे ठरते. रस्त्याने जाणारा विसरलेली वस्तू पुढच्या बाजारात विकत घेतो, फार तर दोन मुक्काम मागे फिरतो. उंच कड्यांच्या घळईतून वाहणाऱ्या नदीत एकदा नाव लोटली की मागे फिरणे नाही. बाजार नाही, धर्मशाळा नाही, आणि अनेक ठिकाणी काठही नाही. बरोबर घेतले तेवढेच आपले. त्यातलेही नदी ठेवील तेवढेच.

आज अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनमधून कोलोरॅडो नदीवर आठ-पंधरा दिवसांची सफर करणाऱ्या पाहुण्याला वाटाड्या पुरवणारी कंपनी आधीच एक यादी धाडते. लवकर वाळणारे दोन जोड कपडे, सुती कापड नको, चष्म्याला दोरी, टोपीला बंद, उन्हाळ्यातही पावसाळी कोट, अमुक वजनाच्या वर काही नको. ही यादी वाचताना ती कोणा व्यवहारी कारकुनाने बसल्या बैठकीला केली असावी असे वाटते. प्रत्यक्षात तिच्या एकेका ओळीमागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि काही ओळींमागे मृत्यू आहेत.

२

त्या इतिहासाचा आरंभ २४ मे १८६९ रोजी होतो. अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांना जोडणारा लोहमार्ग पुरा होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. त्याच मार्गावरील वायोमिंग प्रदेशातल्या ग्रीन रिव्हर या स्टेशनाजवळ जॉन वेस्ली पॉवेल याने चार नावा पाण्यात लोटल्या. पॉवेल इलिनॉयमध्ये भूशास्त्राचा प्राध्यापक होता. यादवी युद्धात शायलोच्या लढाईत त्याचा उजवा हात कोपराखाली गेला होता. बरोबर नऊ माणसे होती: त्याचा भाऊ वॉल्टर, जॅक सम्नर, विल्यम डन, ओरामेल व सेनेका हे हाउलंड बंधू, सैन्यातून आलेला जॉर्ज ब्रॅडली, आचारी विल्यम हॉकिन्स, तरुण अँड्र्यू हॉल आणि फ्रँक गुडमन. ग्रीन नदी पुढे कोलोरॅडोला मिळते, आणि कोलोरॅडो ग्रँड कॅन्यनमधून पश्चिमेकडे जाते. नकाशावर त्या भागात मोठी कोरी जागा होती. ती भरण्यासाठी ही मंडळी निघाली होती.

नावा शिकागोत बांधून रेल्वेने आणल्या होत्या. तीन नावा ओक लाकडाच्या, प्रत्येकी २१ फूट लांब, पुढच्या-मागच्या टोकांना पाणी शिरू नये असे बंद कप्पे असलेल्या. चौथी, पॉवेलच्या पत्नीच्या नावाची ‘एमा डीन’, पाइन लाकडाची, १६ फुटी आणि हलकी. पुढे जाऊन वाट पाहण्यासाठी. शिधा दहा महिन्यांचा घेतला होता. हिवाळ्यात नदी गोठली तर कोठेतरी तळ ठोकून वसंताची वाट पाहावी लागेल, असा हिशेब त्यामागे होता. त्याच हिशेबाने भरपूर कपडे, दारूगोळा, जनावरे धरण्याचे दोन-तीन डझन सापळे, आणि लाकडी खोपटे उभारता यावे म्हणून कुऱ्हाडी, करवती, हातोडे, सामते, खिळे व स्क्रू. शास्त्रीय कामासाठी दोन सेक्स्टंट, चार कालमापक घड्याळे, वायुभारमापक, तापमापक, होकायंत्रे. शिध्याचा काही भाग सैन्याच्या गोदामातून घेण्याची परवानगी काँग्रेसने दिली होती.

या यादीत एक सूक्ष्म विचार आहे. पॉवेलने प्रत्येक प्रकारच्या सामानाचे तीन वाटे केले आणि तिन्ही मोठ्या नावांत एकेक ठेवला. एक नाव बुडाली तरी कोणतीच वस्तू समूळ जाऊ नये, हा हेतू. अज्ञाताशी व्यवहार करताना माणसाला सुचलेली ही एक चांगली युक्ती आहे. आपल्या घरातील बायकांनाही ती ठाऊक होती. यात्रेला निघताना पैसे एका कनवटीला न बांधता चार ठिकाणी विभागून ठेवण्याची रीत याच शहाणपणातून आली.

परंतु यादी जितकी विचारपूर्वक तितकीच ती चुकीच्या अनुमानावर उभी होती. दहा महिन्यांचा शिधा घेतलेली मोहीम शंभर दिवसांच्या आत संपली. सापळे आणि करवती हा डोंगरात हिवाळा काढणाऱ्या शिकाऱ्याचा संसार होता. खळाळत्या पाण्यात उपयोगी पडावी अशी गोष्ट, म्हणजे अंगाला बांधून तरंगता येईल असे साधन, दहा माणसांत एकच होते: हवा भरण्याचे एक रबरी जाकीट, तेही एका हाताच्या पॉवेलसाठी. उरलेले नऊ जण तसेच निघाले. मोठ्या नावा ओझ्याने इतक्या खोल बसल्या होत्या की त्या प्रवाहात वळवणेही कठीण जाई. अज्ञाताच्या भीतीने भरलेले सामानच पहिल्या संकटाचे एक कारण झाले.

३

पॉवेलच्या पुस्तकात सामानाची यादी एकदाच येत नाही. ती पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी लहान होत जाते. माझ्या मते या ग्रंथाची खरी रचना येथे आहे. कड्यांची आणि घळयांची वर्णने वेगळी केली तर मागे उरतो तो आटत जाणाऱ्या कोठाराचा हिशेब.

पहिला फटका जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लोडोरच्या घळईत बसला. हाउलंड बंधू आणि गुडमन ज्या नावेत होते ती ‘नो नेम’ धबधब्यासारख्या उतारावर ओढली गेली आणि खडकांवर आपटून फुटली. माणसे वाचली, शिध्याचा मोठा वाटा गेला. त्या जागेला पॉवेलने आपत्तीचे नाव दिले, ते आजही नकाशावर आहे. तीन वाट्यांची युक्ती येथे कामी आली. पण वायुभारमापक मात्र तिन्ही नावांत विभागलेले नव्हते, सगळे नेमके याच नावेत होते. पॉवेलला सर्वांत जास्त हळहळ त्यांची वाटली. वायुभारमापकाने उंची मोजत गेले की नदी किती खाली उतरली ते कळते, आणि समुद्रसपाटी गाठण्यापूर्वी तिला अजून किती उतरायचे आहे याचा अंदाज बांधता येतो. म्हणजे ते यंत्र पुढच्या संकटाचे माप होते.

दुसऱ्या दिवशी सम्नर आणि डन जिवावर उदार होऊन अडकलेल्या अवशेषापर्यंत गेले. त्यांनी आनंदाची आरोळी ठोकली. शास्त्रीय उपकरणे सापडल्याचा आपल्या माणसांना एवढा हर्ष व्हावा याचे पॉवेलला समाधान वाटले. नाव काठाला लागल्यावर उलगडा झाला. वायुभारमापक सापडले होते खरे, पण आरोळी होती ती तीन गॅलनच्या व्हिस्कीच्या पिंपासाठी. ते पिंप मंडळींनी नायकाच्या नकळत चढवले होते. प्रत्येक अधिकृत यादीच्या पोटात अशी एक अनधिकृत यादी असते. ज्याने शाळेची सहल नेली आहे त्याला हे सांगायला नको. पॉवेलने हा प्रसंग स्वतःच्या फजितीसह लिहून ठेवला, हे त्याच्यातल्या लेखकाचे श्रेय.

थोड्याच दिवसांनी मुक्कामाला आग लागली. आचारी हॉकिन्स भांडीकुंडी कवेत घेऊन नावेकडे धावला आणि पाण्यात पडला. स्वतः वर आला, भांडी गेली. ताटल्या, चमचे, सुऱ्या यांतले फार थोडे उरले. जुलैच्या आरंभी गुडमनने वाटेतील आदिवासी एजन्सीच्या ठाण्यावर मोहिमेचा निरोप घेतला. जुलैच्या मध्याला ग्रीन आणि ग्रँड या नद्यांच्या संगमावर शिधा उन्हात पसरून पाहिला तेव्हा पीठ वारंवार भिजून-वाळून बुरसले होते, त्याच्या गाठी झाल्या होत्या. मच्छरदाणीच्या कापडाची चाळणी करून ते चाळले. २०० पौंडांहून अधिक, म्हणजे सुमारे ९० किलो पीठ टाकून द्यावे लागले. दहा महिन्यांच्या शिदोरीतले उरले जेमतेम दोन महिन्यांचे.

ऑगस्टच्या मध्याला ग्रँड कॅन्यनच्या खोल भागात शिरण्यापूर्वीची यादी आणखी आखूड आहे: एका महिन्याचे पीठ, पुन्हा चाळलेले, खराब झालेले, म्हणून उकळून ठेवलेले बेकन, वाळवलेली थोडी सफरचंदे, साखर विरघळून नदीबरोबर पुढे गेलेली, कॉफी मात्र मुबलक. पॉवेल यातही एक समाधान शोधतो: नावा हलक्या झाल्या, आता त्या लाटांवर नीट तरंगतील आणि उतार टाळण्यासाठी खांद्यावरून ओझीही कमी वाहावी लागतील. आणखी चार दिवसांनी बेकन टाकावे लागले, पाव फुगवण्याचा सोडा पाण्यात पडला. दहा दिवसांचे बुरसलेले पीठ, सफरचंदे आणि कॉफी. कपड्यांची गत तीच होती. रबरी अंगरखे सर्व हरवलेले, निम्म्याहून अधिक जणांना टोपी नाही, माणशी एक कांबळेही नाही.

२६ ऑगस्टला काठावर आदिवासींची एक लहानशी बाग दिसली. मका अजून कोवळा होता, भोपळे खाण्याजोगे झाले होते. मंडळींनी ते उचलले आणि पुढे जाऊन शिजवले. ही चोरीच आहे हे पॉवेल मान्य करतो आणि भुकेचे कारण देतो. मला हा प्रसंग सबंध पुस्तकातील सर्वांत बोलका वाटतो. ज्या प्रदेशाला पॉवेलने महान अज्ञात म्हटले तेथे कोणीतरी बी पेरून, पाणी देऊन, पीक येईल या भरवशावर राहत होते. पायूट, हुआलापाय, हावासुपाय या लोकांना ती घळई घर होती. घरी राहणाऱ्याला दहा महिन्यांची शिदोरी लागत नाही. अज्ञात हा त्या भूमीचा गुण नव्हता. ती पाहणाऱ्याच्या माहितीची सीमा होती. सामानाचे वजन त्या सीमेपलीकडच्या अंधाराएवढे होते.

४

२८ ऑगस्टला शेवटची वाटणी झाली. समोर एक भयंकर उतार होता. ओरामेल हाउलंड, सेनेका हाउलंड आणि विल्यम डन यांनी नदी सोडून कड्यावर चढून उत्तरेकडील मॉर्मन वस्त्यांकडे चालत जाण्याचे ठरवले. त्यांनी दोन रायफली आणि एक बंदूक घेतली. शिध्याचा वाटा घेण्यास नकार दिला. शिकार मिळेल असा त्यांना विश्वास होता. हॉकिन्सने दुपारसाठी केलेल्या बिस्किटांचे ताट एका खडकावर ठेवले. मोहिमेची टिपणे दुहेरी ठेवलेली होती, त्यातला एक संच हाउलंडकडे दिला. पॉवेलने पत्नीला पत्र लिहिले. सम्नरने आपले घड्याळ दिले. आपले काही बरेवाईट झाले तर ते बहिणीकडे पोहोचवावे म्हणून.

नदीवरच राहिलेल्या सहा जणांनीही आपले ओझे उतरवले. माणसे कमी म्हणून ‘एमा डीन’ तेथेच सोडली. ज्यांच्यासाठी जीव धोक्यात घातला होता ते वायुभारमापक खडकावर ठेवले. वाटेत जमवलेले जीवाश्म आणि खनिजेही. आरंभीच्या यादीत जे अत्यावश्यक होते त्यातले शेवटी काय उरले, हे त्या खडकावर ठेवलेल्या वस्तू सांगतात. दोन्ही नावा तो उतार सुखरूप उतरल्या. दोन दिवसांनी, ३० ऑगस्टला, व्हर्जिन नदीच्या मुखाशी त्यांना मासे पकडणारे मॉर्मन लोक भेटले. हे लोक मोहिमेचे काही अवशेष वाहत येतात का, यावर नजर ठेवून होते.

वर गेलेले तिघे परत आले नाहीत. पुढच्या वर्षी पॉवेल शिव्हवित्स पायूट लोकांना भेटला. एका आदिवासी स्त्रीला मारणारे खाणवाले तेच, असे समजून आपण त्यांना मारले, असे त्यांनी सांगितल्याचे त्याने लिहिले. तिघांना मॉर्मनांनी मारले असावे, असा तर्क पुढे काहींनी मांडला. वाद मिटलेला नाही. ग्रँड कॅन्यनच्या कड्यावर पॉवेलचे स्मारक १९१८ साली अर्पण झाले, त्यावर मोहिमेतील माणसांची नावे कोरली गेली. या तिघांची नावे त्यात नव्हती. पळून गेलेल्यांना यादीत जागा नाही, असा तो निवाडा होता. खडकावर बिस्किटे ठेवणाऱ्या आचाऱ्याने तो तसा केला नव्हता.

५

येथे साहित्याच्या विद्यार्थ्याने थांबून विचारावे: हे सारे आपल्याला कोणी सांगितले? पॉवेलचा अहवाल १८७५ साली प्रसिद्ध झाला, मोहिमेनंतर सहा वर्षांनी. तो रोजनिशीच्या रूपात, वर्तमानकाळात लिहिलेला आहे. जणू लेखक रोज रात्री शेकोटीजवळ बसून लिहीत आहे. प्रत्यक्षात पॉवेलची नदीवरची मूळ टिपणे फारच त्रोटक आहेत. शिवाय १८७१-७२ साली त्याने दुसरी मोहीम केली, अधिक तयारीने. पीठ आणि कपडे रबरी पिशव्यांत घातले होते. काचेच्या तबकड्यांसह छायाचित्रणाची अवजड सामग्री होती. आणि पॉवेलच्या नावेवर खुर्ची बांधलेली होती. तिच्यात बसून संथ पाण्यावर तो मंडळींना स्कॉटचे काव्य वाचून दाखवी. या दुसऱ्या मोहिमेतली निरीक्षणे त्याने पहिल्या मोहिमेच्या दिवसांत मिसळली, आणि दुसऱ्या मोहिमेतील सहकाऱ्यांचा उल्लेखच केला नाही. त्यांची बाजू कळायला फ्रेडरिक डेलेनबॉ या तरुण सहकाऱ्याच्या १९०८ च्या पुस्तकाची वाट पाहावी लागली.

एक उदाहरण घेऊ. कडा चढताना एका हाताचा पॉवेल लटकला, वर जाता येईना, खाली येता येईना. वर असलेल्या ब्रॅडलीने आपली लांब विजार काढून खाली सोडली आणि तिला धरून पॉवेल वर आला. सामानातल्या एका कपड्याने मोहिमेच्या नायकाचा जीव वाचवला, ही गोष्ट खरीच आहे. पण पॉवेलच्या अहवालात ती १८ जूनला एका ठिकाणी घडते, आणि ब्रॅडलीच्या रोजनिशीत ८ जुलैला, खूप खालच्या घळईत. ब्रॅडली ही रोजनिशी इतरांच्या नकळत लिहीत होता. ती १९४७ साली छापली गेली. सम्नर आणि हॉकिन्स यांनी उतारवयात सांगितलेल्या हकिकती १९३२ साली ग्रंथरूपाने आल्या. त्यांतला पॉवेल कठोर आणि हेकट आहे. अर्थात उतारवयातील कडवटपणा हाही पुरावा म्हणून तपासूनच घ्यावा लागतो.

मराठी वाचकाला हा प्रश्न नवा नाही. विष्णुभट गोडसे यांनी १८५७ च्या धामधुमीचा ‘माझा प्रवास’ परतल्यावर कित्येक वर्षांनी लिहिला, चिंतामणराव वैद्यांनी तो १९०७ साली संस्कार करून छापला, आणि मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांच्या संपादनातून १९६६ साली वाचकांपुढे आला. प्रवास एक, पाठ अनेक. पॉवेलला खोटे ठरवण्यात अर्थ नाही. त्याच्या इतका त्या दगडांना वाचणारा दुसरा नव्हता. लक्षात घ्यायचे ते एवढेच, की लेखकही निघताना सामान बांधतो. काय घ्यायचे, काय मागे ठेवायचे, कोणाचे ओझे आपल्या नावेत घ्यायचे, हे तो ठरवतो. पॉवेलने एक सबंध मोहीम मागे ठेवली.

६

नंतरचा इतिहास थोडक्यात. १८८९ साली फ्रँक ब्राउन नावाचा उद्योजक नदीच्या काठाने लोहमार्ग नेता येईल का, हे पाहण्यासाठी निघाला. नावा हलक्या सीडर लाकडाच्या. तरंगण्याची जाकिटे घ्यावीत असा सल्ला त्याने मानला नाही. जुलैमध्ये पाच-सहा दिवसांच्या आत तो स्वतः आणि त्याचे दोन सहकारी बुडाले. त्याचा अभियंता रॉबर्ट स्टँटन त्याच वर्षअखेरीस परत आला तेव्हा नावा मजबूत होत्या आणि प्रत्येकासाठी बुचाच्या लाकडाचे जाकीट होते. आजच्या यादीत जाकिटाचा उल्लेखही नसतो, कारण ते कंपनी देते आणि पाण्यात असेपर्यंत काढू देत नाही. त्या न लिहिलेल्या ओळीची किंमत तीन माणसांनी दिलेली आहे.

१९३८ साली नॉर्मन नेव्हिल्स या नावाड्याने प्लायवुडच्या तीन नावांतून काढलेल्या सफरीत मिशिगन विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्रज्ञ एल्झाडा क्लोव्हर आणि त्यांची विद्यार्थिनी लोइस जॉटर होत्या. पैसे भरून वाटाड्याबरोबर जाण्याच्या प्रथेचा हा आरंभ मानला जातो. सबंध ग्रँड कॅन्यन नदीमार्गे पार करणाऱ्या ज्ञात स्त्रियांत या दोघी पहिल्या. वृत्तपत्रांना त्यांच्या धाडसापेक्षा त्यांच्या पेहरावात आणि भीतीत अधिक रस होता. त्यांच्या सामानात मात्र वनस्पती दाबून वाळवण्याच्या चौकटी आणि कागद होते. दिवसभर नाव, संध्याकाळी स्वयंपाक, आणि उरलेल्या उजेडात नमुने गोळा करणे. स्वयंपाकाचे काम कोणाकडे जाईल हे कोठल्याच यादीत लिहिलेले नव्हते. ते गृहीत होते. १९४४ साली दोघींनी या घळईतील वनस्पतींचा जो अभ्यास प्रसिद्ध केला तो पुढे धरणामुळे बदलून गेलेल्या काठाचा मोलाचा दाखला ठरला.

दुसऱ्या महायुद्धानंतर यादी पार बदलली. सैन्याने काढून टाकलेले रबरी तराफे स्वस्तात मिळू लागले. लाकडी नाव खडकावर फुटे, रबरी तराफा आदळून मागे येई. दारूगोळ्याच्या रिकाम्या लोखंडी पेट्यांना रबराची कड असल्याने त्यांत पाणी शिरत नसे. कॅमेरा, औषधे, कागद त्यांत जाऊ लागले. नदीवर पोहोचलेले हे युद्धाचे अवशेष अजूनही वापरात आहेत. जॉर्जी व्हाइट या धाडसी बाईने आधी, १९४५ साली, हॅरी अॅलिसनबरोबर घळईचा शेवटचा ६० मैलांचा टप्पा केवळ जाकीट आणि पाठीवरचे लहानसे बोचके घेऊन पाण्यात वाहत पार केला होता. पुढे तिने मोठाले तराफे एकत्र बांधून सामान्य माणसांना नदीवर नेले.

आणि माणसे आली. १९६५ साली ग्रँड कॅन्यनमधून नदीमार्गे गेले ५४७ लोक. १९७२ साली १६,४३२. सात वर्षांत तिसपट. दरम्यान १९६३ साली वरच्या अंगाला ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे बंद झाले. मागे साठलेल्या जलाशयाला नाव मिळाले पॉवेलचे, आणि त्या जलाशयाखाली गेली ती पॉवेलने जिचे सौम्य रूप पाहून नाव ठेवले ती ग्लेन घळई. धरणाने गाळ अडवला, त्यामुळे काठावर नवी वाळू येईना. तळातून सोडलेले पाणी कित्येक दशके भर उन्हाळ्यातही हाडे गोठवणारे होते. यादीतला पावसाळी कोट त्यासाठी. अलीकडे, जलाशयाची पातळी फार उतरल्यावर, तेच पाणी उन्हाळ्यात पूर्वीपेक्षा उबदार झाले आहे. म्हणजे सामानाची यादी आता धरणाच्या पातळीलाही बांधलेली आहे. आपल्याकडे कोलाडजवळ कुंडलिकेवर राफ्टिंग करणारे तरुणही वीजगृहातून सुटलेल्या पाण्यावरच स्वार होतात, हे अनेकांना ठाऊक नसते.

७

१६,००० माणसे थोड्याशा वाळूवर राहू लागली तेव्हा एक प्रश्न उभा राहिला, ज्याचा विचार पॉवेलने केला नव्हता. त्याच्यापुढे प्रश्न होता, काय न्यायचे? आता प्रश्न झाला, काय परत आणायचे? आरंभी मैला वाळूत पुरत; राख, उष्टे, डबे तेथेच राहत. वाळूचे काठ घाणेरडे झाले. मग नियम आले. शेकोटी लोखंडी परातीतच पेटवायची आणि राख बरोबर न्यायची. अन्नाचा कण मागे ठेवायचा नाही. मानवी मैलासुद्धा बंद पेटीतून सफरीच्या अखेरीपर्यंत वाहून आणायचा. त्यासाठी दारूगोळ्याच्या त्याच पेट्या आल्या. आरंभी त्यांना बैठक नसे, बसणाऱ्याच्या अंगावर कडांचे वळ उठत. त्यावरून वाटाड्यांनी त्या पेटीला ‘ग्रूव्हर’, म्हणजे चर पाडणारी, असे नाव ठेवले. आता बैठक आली, नाव टिकले. नायकाच्या नकळत चढवलेल्या व्हिस्कीच्या पिंपासारखाच तो नदीवरच्या माणसांचा विनोद आहे.

गंगेवरही हाच प्रश्न उभा राहिला. कौडियाला ते ऋषिकेश या पट्ट्यात वाळूवर तंबूंची गर्दी झाल्यावर २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाला त्यात हस्तक्षेप करून मुक्कामांवर बंदी घालावी लागली. नदी पवित्र मानल्याने काठ स्वच्छ राहतो असे नाही. काठ स्वच्छ राहतो तो मागे काही न ठेवता निघणाऱ्यांमुळे.

आता पुन्हा ती कंपनीची यादी वाचावी. चष्म्याला दोरी, टोपीला बंद, दोन जलरोधक पिशव्या, वजनाची मर्यादा. पाहुण्याच्या हाती येते ती एवढीच. दुसरी यादी वाटाड्यांची असते, ती पाहुण्याला दिसत नाही: पंधरा दिवसांचे अन्न दिवसवार उलट क्रमाने रचलेले, म्हणजे शेवटच्या दिवसाचे तळाशी, बर्फाच्या पेट्या, औषधे, दोर, तराफ्याला ठिगळ लावण्याचे साहित्य, आणि त्या बंद पेट्या. पाहुण्याचे सामान हलके असते कारण त्याचे अज्ञात दुसऱ्या कोणीतरी आपल्या खांद्यावर घेतलेले असते. पॉवेलच्या नावेत हा भेद इतका तीव्र नव्हता. बुरसलेले पीठ सर्वांनी सारखेच खाल्ले. तरी जाकीट एकालाच होते, आणि इतिहासात नाव राहिले तेही मुख्यत्वे एकाचे.

म्हणून प्रवासवर्णन शिकवताना विद्यार्थ्यांना आपण एक साधा प्रश्न विचारावा असे मला वाटते. या प्रवासात सामान कोणी बांधले, कोणी वाहिले, आणि पुस्तकात त्याचे नाव आहे का? या प्रश्नाने हॉकिन्सची बिस्किटे दिसू लागतात, लोइस जॉटरने उरलेल्या उजेडात दाबलेली पाने दिसू लागतात, आणि चोरीला गेलेल्या भोपळ्यांमागचा तो बागवानही दिसतो, ज्याचे नाव कोणत्याच यादीत नाही. त्या ऑगस्टमध्ये आपल्या बागेत तो परत आला असेल तेव्हा त्याला रिकामे वेल दिसले असतील. त्याच्यापुरता तोच पॉवेलच्या मोहिमेचा इतिहास होता.